पायरी, उतरण आणि हाताचा आधार

खंडाळ्याच्या घाटांतून आगगाडी वर नेण्याचें ठरलें, तेव्हां अभियंत्यांना डोंगराइतकाच इंजिनाच्या बळाचाहि हिशेब मांडावा लागला. भरलेले डबे घेऊन इंजिन किती चढ चढूं शकेल, हें ठरल्यावांचून रूळ टाकतां येत नव्हते. १८६३ सालीं ही बोरघाटाची वाट खुली झाली. तिच्यावरील सर्वांत कठीण चढ ३७ फुटांस १ फूट इतका आहे. म्हणजे गाडी ३७ फूट पुढें जाते तेव्हां कोठें ती एक फूट वर येते. एवढ्याशा चढालाहि गाडीस मागून जादा इंजिनें लावावीं लागतात, आणि कर्जतच्या स्टेशनांत बटाटेवडा हातांत घेऊन तीं जोडतांना पाहणें हा मुंबई-पुण्याच्या प्रवाशांचा पिढ्यान् पिढ्यांचा विरंगुळा आहे.

लोखंडी इंजिनासाठीं ज्या देशांत इतका बारीक हिशेब झाला, त्याच देशांतील बँकेच्या, टपालकचेरीच्या किंवा वाचनालयाच्या दारीं मनुष्याच्या दंडांतील बळाचा हिशेब कोणी मांडला आहे काय, असा प्रश्न श्रोत्यांनीं एकदां स्वतःशीं विचारून पहावा. पुष्कळ ठिकाणीं तीन पायऱ्यांच्या शेजारीं सिमेंटचा एक आखूड उतार ओतलेला दिसतो. चार फुटांत तो एक फूट चढतो, कधीं कधीं तीनच फुटांत. चाकांच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य त्यावर स्वतःच्या हातांनीं चढूं शकत नाहीं, आणि चढलाच तर खुर्ची मागें उलटण्याचें भय असतें. तरीहि कचेरीच्या कागदांत 'रॅम्प आहे' अशी नोंद झालेली असते. रॅम्प मुळींच नसता तर निदान त्याची मागणी तरी करतां आली असती. असलेला निरुपयोगी उतार ती मागणीहि बंद करतो, हें त्याचें खरें नुकसान होय.

ही उतरण कशी असावी याचा नियम अगदीं साधा आहे. एक फूट उंची गांठावयाची असेल तर निदान बारा फूट लांबी द्यावी. यालाच बारास एक म्हणतात. एका पायरीची उंची १५० मिलीमीटर धरली, तर तीन पायऱ्यांची उंची ४५० मिलीमीटर होते आणि तिला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीची उतरण लागते. पांच पायऱ्या असल्या तर लांबी ९ मीटर झाली. ही लांबी ऐकून इमारतीचे मालक दचकतात. जागा कोठून आणावयाची, असें विचारतात. परंतु उतरण सरळच असली पाहिजे असें कोणीं सांगितलें आहे? ती भिंतीच्या कडेनें जाऊं शकते, मध्यें सपाट जागा ठेवून परत फिरूं शकते. घाटांतील वाट तरी दुसरें काय करते?

आतां हा बाराचा आंकडा कोठून आला तें पाहूं. चढावर ठेवलेली वस्तु आपल्या वजनाच्या कांहीं अंशानें खालीं ओढली जाते. खुर्ची आणि तींत बसलेला मनुष्य मिळून ९० किलो वजन धरलें, तर बारास एक चढावर हें ओझें सुमारें साडेसात किलोच्या जोरानें मागें ओढतें. सहास एक चढावर हा जोर १५ किलोंच्या घरांत जातो आणि चारास एक चढावर २२ किलोंच्या जवळ पोहोंचतो. चाकांचें घर्षण निराळेंच. शिवाय हा जोर एकदां लावून भागत नाहीं. चाक एका हिसक्यानें थोडें पुढें जातें, मग हात सोडून पुन्हां मागें न्यावे लागतात, आणि तेवढ्या क्षणांत खुर्ची मागें घसरूं पाहते. पायांची शक्ति गेलेला मनुष्य हें सगळें केवळ खांदे आणि मनगटें यांच्या बळावर करीत असतो. ज्याला शंका असेल त्यानें पिठाच्या गिरणींतून आणलेलें २० किलोंचें पोतें जमिनीपासून सारखें धरून ठेवून पहावें.

असा हिशेब कागदावर कोणालाहि करतां येतो, पण त्याची कसोटी प्रत्यक्ष माणसांवर लागली ती अमेरिकेंत. दुसऱ्या महायुद्धांत जायबंदी झालेले अनेक तरुण सैनिक शिक्षणासाठीं परत आले, तेव्हां इलिनॉय विद्यापीठानें १९४८ सालीं गेल्सबर्ग येथील आपल्या शाखेंत त्यांच्यासाठीं एक उपक्रम सुरू केला. त्याचे प्रमुख टिमोथी न्यूजंट हे होते. पुढें ती शाखा बंद झाली आणि उपक्रम अर्बाना येथील मुख्य विद्यापीठांत गेला. तेथील इमारतींना उतरणी बांधतांना कोणता चढ कोणाला चढतां येतो, दार किती रुंद लागतें, खुर्ची वळावयास किती जागा पाहिजे, हें प्रत्यक्ष विद्यार्थ्यांच्या वापरावरून ठरविलें गेलें. या अभ्यासाच्या आधारानें १९६१ सालीं अमेरिकेचें पहिलें राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालें. तें अवघ्या कांहीं पानांचें होतें. उतरण बारास एकाहून तीव्र नसावी, दर ३० फुटांवर विसाव्यासाठीं सपाट जागा असावी, आणि आधाराची दांडी उतरणीच्या दोन्ही टोकांच्या पुढें एक फूट गेलेली असावी, हे नियम त्यांत होते. पुढें जगांतील बहुतेक देशांचे नियम याच वळणावर गेले, आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेचेहि. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बारास एक ही शेवटची मर्यादा आहे. जागा असेल तेथें पंधरास एक किंवा वीसास एक अशी उतरण करणें केव्हांहि चांगलें. वृद्ध मनुष्याला तर ती चढण आहे हें जाणवतहि नाहीं.

उलट जेथें उंची फार, तेथें उतरणीचा हट्ट धरण्यांत अर्थ नाहीं. मुंबईच्या १८३३ सालच्या टाऊन हॉलला, जेथें एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे, ३० पायऱ्या आहेत. तेवढी उंची बारास एकानें गांठूं म्हटलें तर विसाव्याच्या जागा सोडून ५० मीटरांहून अधिक लांबी होईल. अशा ठिकाणीं लिफ्ट हाच शहाणपणाचा मार्ग. सरकारी कामाची खोली तळमजल्यावर आणणें हा त्याहूनहि स्वस्त मार्ग असतो, पण तो कचेऱ्यांना का सुचत नाहीं न कळे. २०२३ सालच्या ऑक्टोबरांत मुंबईंत चाकांच्या खुर्चीवरील एका वधूला आपल्याच विवाहाच्या नोंदणीसाठीं दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावें लागलें, कारण कचेरी वर होती आणि लिफ्ट नव्हती. ही बातमी त्या वेळीं सर्वत्र गाजली. लग्नाच्या दिवशीं मुलीला पोत्यासारखें उचलावें लागावें, यांत दुखापतीचें भय होतेंच. पण तिच्या मनाला काय वाटलें असेल, याची कल्पना ज्या घरांत मुली आहेत त्यांनींच करावी.

आपल्याकडे जोतें उंच ठेवण्याची चाल निष्कारण पडलेली नाहीं, हेंहि मान्य केलें पाहिजे. पावसाळ्यांत पाणी आंत शिरूं नये, भिंतींना ओल चढूं नये, विंचूकिरडूं दूर रहावें, म्हणून आपल्या पूर्वजांनीं दोन-तीन हात उंच जोतीं बांधलीं. कोंकणांतील घर पहावें म्हणजे या चालीचें मर्म कळतें. पुढें उंच जोतें हें प्रतिष्ठेचेंहि लक्षण झालें, आणि साहेबाच्या कचेरीला तर पायऱ्यांवांचून दरारा येत नाहीं अशी समजूत रूढ झाली. आज पाणी काढून देण्याचे उपाय निराळे आहेत. राहिला तो दरारा.

उतरणीनें इमारतीचें रूप बिघडतें, असा एक आक्षेप शिल्पज्ञ मंडळी घेतात. त्यांना तीन हजार मैलांहून दूरचें आणि चोवीसशें वर्षांपूर्वींचें एक उदाहरण दाखवितां येईल. ग्रीस देशांत एपिडॉरस येथें अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचें क्षेत्र होतें. तेथें दुखणाईत माणसें लांबून येत, देवळाच्या आवारांत रात्र काढीत. या क्षेत्रांत ९ इमारतींना मिळून ११ दगडी उतरणी सांपडल्या आहेत. इतर क्षेत्रांत त्या इतक्या नाहींत. येणारा यात्रेकरू लंगडत किंवा उचलून आणलेला असे, त्याच्यासाठींच त्या बांधल्या असाव्यात, असें अनुमान डेबी स्नीड या संशोधिकेनें २०२० सालीं मांडलें. ग्रीकांना सौंदर्यदृष्टि नव्हती असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. जवळचेंच उदाहरण हवें तर अहमदाबादेंत १९५४ सालीं ल कॉर्बूझिए यानें बांधलेली गिरणीमालक संघाची इमारत पहावी. तिच्या दर्शनीं भागांतून एक लांब उतरण सरळ वरच्या मजल्याला भिडते आणि जगभरचे विद्यार्थी ती पहावयास येतात. शोभेसाठीं उतरण चालते. मग गरजेसाठीं ती कुरूप कशी होते?

खरी अडचण पुष्कळदां वेगळीच असते. उतरण केली जाते ती मागच्या अंगाला, कचऱ्याच्या पेट्यांजवळ. तिच्या तोंडाशीं दुचाकी गाड्या लावलेल्या असतात, वरच्या टोकाला कुलूप असतें, आणि किल्ली ज्या शिपायाजवळ तो जेवावयास गेलेला असतो. कोठें उतरण संपते तेथेंच दार बाहेर उघडतें, म्हणजे दार ओढतांना खुर्ची मागें गडगडावयाची. म्हणूनच वर आणि खालीं निदान दीड मीटर सपाट जागा सांगितली आहे. कोठें हौसेनें गुळगुळीत ग्रॅनाइट बसविलेलें असतें. श्रावणांतल्या एका सरीनंतर तेथें धडधाकट माणूसहि उभा राहूं शकत नाहीं. घोटाई न केलेला खरबरीत दगड किंवा आडव्या रेघा ओढलेलें सिमेंट तेथें पाहिजे, आणि कडेला चार बोटें उंच कांठ पाहिजे, म्हणजे चाक खालीं घसरत नाहीं.

२००१ सालीं विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीस आले, तेव्हां त्यांना कुतुबमिनारासारख्या प्राचीन वास्तु पाहतां याव्यात म्हणून घाईघाईनें लांकडी उतरणी उभारण्यांत आल्या. पाहुण्याचा आदर झाला तो योग्यच झाला. पण त्यावरून इतकें सिद्ध झालें कीं, मनांत आणलें तर पुरातन वास्तूला धक्का न लावतां थोड्या दिवसांत हें काम होतें. दिल्लींतच राहणाऱ्या, हॉकिंग नसलेल्या माणसांनीं हें आधीं किती वेळां मागितलें असेल!

उतरणीविषयीं आतां थोडेंफार लिहिलें बोललें जातें. हाताच्या दांडीकडे मात्र कोणाचें लक्ष नाहीं, आणि ती लागणाऱ्या माणसांची संख्या तर कितीतरी अधिक आहे. २०११ च्या जनगणनेंत देशांत २ कोटि ६८ लाख माणसें अपंग म्हणून नोंदलीं गेलीं. त्यांपैकीं हालचालीचें अपंगत्व असलेलीं सुमारें ५४ लाख. अपंग म्हणा कीं दिव्यांग म्हणा, नांव बदलल्यानें पायरी बुटकी होत नाहीं. परंतु या आंकड्यांत गुडघे दुखणारी आजी नाहीं, नुकतें हाड जुळलेला तरुण नाहीं, दिवस भरत आलेली सून नाहीं, कीं कडेवर मूल आणि हातांत पिशवी घेतलेली आई नाहीं. दर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला देण्यासाठीं बँकेंत जाणारे निवृत्त लोक त्यांत नाहींत. आपण जिवंत आहों एवढें सांगण्यासाठीं ज्यांना सात पायऱ्या चढाव्या लागतात, त्यांच्या हाताला धरावयास काय आहे?

बहुधा रुंद दगडी कठडा असतो. तो दिसावयास भारदस्त, पण तळहात त्यावर नुसता ठेवतां येतो, मूठ वळत नाहीं. तोल गेला कीं हात घसरतो. आपल्या जुन्या वाड्यांतील अंधाऱ्या, उभ्या जिन्यांना कठडा नसे. वरून एक जाड दोर सोडलेला असे. वाड्याच्या सुतारानें कोणतें मानक वाचलें होतें? पण आधार मुठींत मावला पाहिजे हें त्याला ठाऊक होतें. आजचे नियम तेंच सांगतात: दांडी गोल असावी, तिची जाडी ३८ ते ४५ मिलीमीटर असावी आणि भिंतीपासून ती निदान ५० मिलीमीटर दूर असावी, म्हणजे बोटें मागें अडकत नाहींत. एक दांडी सुमारें ९०० मिलीमीटर उंचीवर, आणि मुलांसाठीं व बुटक्या माणसांसाठीं दुसरी तिच्याखालीं वीतभर अंतरावर.

दांडी दोन्ही बाजूंस का लागते हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. पक्षाघात झालेल्या मनुष्याचा एकच हात चालतो. उजवा हात चालत असेल तर चढतांना त्याला उजवीकडची दांडी उपयोगी पडते. पण उतरतांना तीच दांडी डावीकडे येते! म्हणजे एका बाजूच्या दांडीनें त्या मनुष्याला वर पोहोंचविलें आणि तेथेंच सोडून दिलें. शिवाय गुडघेदुखीच्या माणसाला चढण्यापेक्षां उतरण्याचीच अधिक भीति असते. पाय खालीं टाकतांना सगळें ओझें वाकलेल्या गुडघ्यावर येतें, आणि पुढें रिकामी जागा दिसते.

दांडी शेवटच्या पायरीपाशीं तुटतां कामा नये. ती ३०० मिलीमीटर पुढें गेली पाहिजे. शेवटचें पाऊल जमिनीवर टेकेपर्यंत हातानें धरलेलें सोडूं नये, हा त्यांतला हेतु. दृष्टिहीन मनुष्याला तर दांडी आडवी झाल्याबरोबर कळतें कीं पायऱ्या संपल्या. मग हें पुढें आलेलें टोक तसेंच उघडें ठेवूं नये, भिंतीकडे किंवा जमिनीकडे वळवावें. नाहींतर त्यांत पदर अडकतो, पिशवीचा बंद अडकतो, आणि ज्यानें सांवरावयाचें तेंच पाडतें. मधल्या वळणावर दांडी तोडूं नये. तिला आधार खालून द्यावा, म्हणजे हात अखंड सरकत जातो. भिंत पांढरी असेल तर दांडी गडद रंगाची करावी, कारण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना पांढऱ्यावर पांढरें दिसत नाहीं. विदर्भांत उघड्या जागीं नुसती पोलादी दांडी वैशाखांत हाताला चटका देते; तेथें लांकडी किंवा वेष्टन घातलेली बरी. या सगळ्याला खर्च तो किती? कोनशिलेच्या समारंभाला लागतो त्याहून खास अधिक नाहीं.

कायद्याची वाट मात्र लांबच लांब झाली. १९९५ सालीं पहिला कायदा झाला. २०१६ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, नियमांप्रमाणें नसलेल्या इमारतीच्या नकाशाला मंजुरी देऊं नये आणि पूर्णतेचा दाखलाहि देऊं नये. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पांच वर्षांत सुधाराव्या. नियम २०१७ च्या जूनमध्यें निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ सालींच संपली. एका दृष्टिहीन नागरिकानें २००५ सालीं दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं निकाल देतांना या गोंधळाचें मूळ दाखविलें. कायदा 'पाहिजेच' म्हणत होता, आणि त्याखालचा नियम मात्र मार्गदर्शक सूचनांवर भागवीत होता. न्यायालयानें तो नियम रद्द ठरवून बंधनकारक नियम करण्यासाठीं सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

परंतु नियम कितीहि बंधनकारक झाला तरी तो मोजून घेणारें कोणी पाहिजे, आणि मोजणें मुळींच कठीण नाहीं. श्रोत्यांपैकीं पुष्कळ जण एखाद्या वाचनालयाच्या, शाळेच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारी मंडळावर असतील. त्यांनीं १२० सेंटिमीटर लांबीची एक सरळ फळी घ्यावी आणि गवंड्याजवळची पाणसळ मागून आणावी. फळीचें एक टोक उतरणीवर वरच्या बाजूस टेकवावें, दुसरें टोक खालच्या बाजूस अधांतरीं धरावें, आणि पाणसळीचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत तें वरखालीं करावें. मग त्या टोकाखालीं जमिनीपर्यंत अंतर मोजावें. तें १० सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर उतरण बारास एकाच्या आंत आहे. २० निघालें तर ती सहास एक झाली, आणि ३० निघालें तर चारास एक. दांडीसाठीं तर फळीहि नको. ती मुठींत धरून पहावी आणि शेवटच्या पायरीपुढें एक फूट हात जातो कीं नाहीं तें पहावें. गैरसोय असल्याची मोघम तक्रार कचेरींत गेली तर ती दप्तरांत पडते. 'मुख्य दाराची उतरण चारास एक आहे, दांडी एकाच बाजूस आहे व शेवटच्या पायरीच्या आधींच संपते,' असें तारीख घालून लिहिलेलें पत्र त्या इमारतीच्या चालकांना आणि त्याची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांना पाठवावी. तिच्यांतील आंकडे कोणालाहि त्याच फळीनें पडताळून पाहतां येतात.